म्हशीवालीच्या दोन मिरच्या

मोबाईलला शिव्या देणाऱ्या माणसांचा मला राग येतो. शिव्या देतात त्याही मोबाईलवरच लिहून देतात, आणि मग किती जणांना आवडल्या ते दर पाच मिनिटांनी उघडून पाहतात. आमच्या वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या गल्लीत असे दोन-तीन जण आहेत. सकाळी आमच्या भाजीच्या दुकानावर येतात, मेथीची जुडी उलटीपालटी करतात आणि सांगतात, "वहिनी, या मोबाईलनं मानसं तोडले." मी म्हणते, "मानसं पहिलेच तुटले होते भाऊ. मोबाईल बिचारा आत्ता आला." मग ते मेथी घेऊन गुपचूप घरी जातात.

मी काही शिकलेली बाई नाही, पण गिऱ्हाईक आहे. दुकान चालवणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक होता येतं, हे लोक विसरतात. वांगं कसं दाबून घ्यावं ते मला कळतं, तसंच मोबाईलमधलं काय घ्यावं आणि काय सोडावं तेही कळतं. मुलानं पुण्याहून मनगटाचं घड्याळ पाठवलं. ते तासातासाला थरथरायचं आणि म्हणायचं, उठा, जरा चाला. सकाळी सहापासून उभ्या असलेल्या बाईला हे ऊठ म्हणतं! अव माय, दोन दिवसांत काढून डब्यात टाकलं. भाचीनं एकदा डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवला आणि मला समुद्राच्या तळाशी नेलं. एक मासा नाकासमोरून गेला, मी हात लावायला गेले आणि कपाटावर आदळले. कपाळाला टेंगूळ आलं, पण मासा मात्र अजून आठवतो. वर्ध्यात राहून समुद्राचा तळ पाहिलेल्या किती बाया असतील, सांगा बरं.

सगळ्यात गुणाची गोष्ट म्हणजे बोलून लिहायची सोय. आपण बोलायचं, फोन लिहून घेतो. हे सगळंसुद्धा मी तसंच लिहिते आहे. फक्त एक खोड आहे त्याला. मी 'मले' म्हटलं की तो 'मला' लिहितो, 'काऊन' म्हटलं की गोंधळतो. त्याच्यामुळं माझं लिहिणं एकदम मास्तरणीसारखं दिसतं. जिथं माणसं बोलतात तिथं मी थांबून हातानं टाईप करते, नाहीतर आमचा नवराही बातम्या सांगणाऱ्यासारखा बोलायचा.

आता खेळाचं सांगते, कारण सांगायचं आहे ते तेच.

शेतीचा खेळ होता. सुरुवातीला थोडी जमीन देतात, थोडं बी देतात आणि एक विहीर. बोटानं नांगरायचं, बोटानं पेरायचं, बोटानं पाणी द्यायचं. टमाटर सात मिनिटांत, वांगी दहा मिनिटांत, कापूस अर्ध्या तासात. मिरची सगळ्यात हलकी, दोन मिनिटांत तयार. मला कोणी शिकवलं नाही. दुपारी दोन ते चार दुकान शांत असतं. भाजीवर ओलं गोणपाट टाकलं आणि शटर अर्धं खाली ओढलं की मी खुर्चीत बसून शिकले.

नवऱ्यानं पाहिलं आणि हसत सुटला. "अवं, जलमभर वांगे तोडले, आता वांगे इकून राह्यली, अन् इसाव्याले बसली तं मोबाईलमधी वांगेच लावून राह्यली!"

"इथले वांगे पोखरत नाई," मी म्हटलं.

खरंच पोखरत नव्हते. अळी नाही, उभं पीक चरणारे रोही नाहीत, डुकरांचा कळप नाही, ऐन पाण्याच्या वेळी लाईट जात नाही. ज्यानं शेती केली आहे त्यालाच या खेळाचं खरं सुख कळेल. मनासारखं पिकणं म्हणजे काय, ते मी पन्नाशीनंतर पहिल्यांदा तिथं पाहिलं. ज्यांनी कोणी तो बनवला त्यांना माझा हात जोडून नमस्कार आहे.

त्यातलीही सगळ्यात छान गोष्ट टोपली. आपल्या शेतातलं काही शेजारच्या खेळाडूला पाठवायचं असलं की ते टोपलीत घालून पाठवता यायचं. खेळात त्याला भेट म्हणायचे. मी वानोळा म्हणायचे. आमच्याकडं शेतात नवीन काही निघालं की ते सोयऱ्या-शेजाऱ्यांकडं थोडं थोडं पाठवतात, तो वानोळा. आणि वानोळ्याची टोपली कोणी रिकामी परत करत नाही. त्यात मूठभर काहीतरी टाकूनच धाडायची. खेळात टोपली परत करायचं बटन होतं, पण बहुतेक जण ते नुसतं दाबून मोकळे व्हायचे. मी गाडाभर वांगी पाठवावी आणि टोपली ठणठणीत परत! खेळ असला म्हणून काय झालं, रीतभात आहे की नाही?

एकच जण मात्र रीतीची निघाली. खेळात नाव नसायचं, नावाच्या जागी प्राण्याचं चित्र निवडायचं. मी मोर निवडला होता. या बाईनं म्हैस निवडली होती. एवढे पक्षी, फुलपाखरं असताना म्हैस! मला तिथंच ती आवडली. तिची टोपली कधी रिकामी आली नाही. दरवेळी त्यात दोन हिरव्या मिरच्या असायच्या. मिरची सगळ्यांच्या शेतात पडलेली असते, म्हणून टाकत असेल, असं मला वाटलं. पण टाकते, हे महत्त्वाचं.

जवळपासचे खेळाडू दाखवू का, असं खेळानं विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. त्यामुळं ती आपल्याच जिल्ह्यातली कोणीतरी असणार, एवढं ठाऊक होतं. आम्ही खेळातच एकमेकींना लिहायला लागलो. ती 'ताई' म्हणायची, मीही 'ताई' म्हणायची. तीसुद्धा फोनला बोलूनच लिहीत असणार, कारण तिचंही मराठी माझ्यासारखंच मास्तरणीचं होतं. गाव मी विचारलं नाही, तिनं विचारलं नाही. दुकानात बसून मला एक सवय लागली आहे. माणूस आपणहून सांगेल तेवढं ऐकायचं, वर खोदायचं नाही.

एकदा तिनं लिहिलं की तिची खरीखुरी शेती आहे, भाजीपाल्याचीच. मी विचारलं, "खरं शेत असताना हा खेळ कशाला, ताई?"

तिनं लिहिलं, "खऱ्या शेतात एकटीच असते. इथं शेजार आहे."

वाचून मला कसंसंच झालं. मीही एके काळी शेतात राबलेली बाई आहे. वांग्याच्या तासात, म्हणजे ओळीत, एकटीनं वाकायचं आणि दोघींनी वाकायचं यात किती फरक असतो, ते मला माहीत आहे. दोघी असल्या की तास कधी संपला ते कळत नाही.

तापानं मी चार दिवस पडले होते, तेव्हाची गोष्ट. बरी झाल्यावर खेळ उघडला. वाटलं, सगळं वाळून गेलं असेल. पाहते तर शेत हिरवंगार. म्हशीवालीनं रोज येऊन माझ्या पिकाला पाणी दिलं होतं. शेजाऱ्याला तेवढं करता यायचं त्या खेळात. तिनं खाली लिहिलं होतं, "आधी बऱ्या व्हा. शेत मी पाहते." आमच्या गल्लीतल्या त्या मेथीवाल्या विद्वानांना मला हे दाखवायचं होतं. म्हणे मोबाईलनं माणसं तुटली!

त्याच भरात मी तिला माझ्या जावेचं सांगितलं.

माझी मोठी जाऊ तळेगावला राहते. श्यामजी पंतांचं तळेगाव, आष्टी तालुक्यातलं. वाटणी झाली तेव्हा शेत भासऱ्यांनी, म्हणजे यांच्या मोठ्या भावानं ठेवलं आणि आम्ही बोरगाव मेघेला येऊन दुकान टाकलं. भावाभावांत कधी वाकडं आलं नाही. आजही भासरे आठवड्यातून एकदोनदा टेम्पोनं माल आणतात, आमच्या दुकानात वांगी उतरवतात, भावासोबत चहा पितात. वाकडं होतं ते आम्हा दोघींचं. वाटणीच्या दिवशी चार माणसांत ती म्हणाली होती, "शहरात जाऊन रानी व्हाचं हाय इले." ते मला इतकं लागलं की अकरा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. लग्नात दिसली तर मी दुसऱ्या पंगतीत बसायचे. तिच्या शेतातली वांगी मी विकत होते, कारण धंदा आहे. पण त्यातलं एकही वांगं मी घरात शिजवलं नाही.

हे सगळं मी म्हशीवालीला लिहिलं, त्या 'रानी'सकट. माझं बोलणं कसं होतं आणि तिचं कसं होतं, सगळं तिखटमीठ लावून. पुढं मी स्वतः काय केलं, तेवढं मात्र लिहिलं नाही. आपलं गाऱ्हाणं सांगताना माणूस आपल्या अंगाशी येणारं थोडंच सांगतो?

तिचं उत्तर बऱ्याच वेळानं आलं. "माणूस रागात बोलून जातं, ताई. नंतर तिलाही वाईट वाटलं असेल."

मी लिहिलं, "तिला? दगडाला पाझर फुटेल, पण तिला नाही फुटणार."

त्यानंतर आठ दिवस तिनं एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, शेतात काम निघालं असेल. टोपलीत मिरच्या मात्र येत राहिल्या.

मग पुष्कळ महिने गेले. एका दुपारी, मी काही न विचारता, तिनं लिहिलं, "ताई, तुम्ही तुमच्या जावेचं सांगितलं होतं. आज माझ्या जावेचं सांगते. धाकटी आहे. मी तिला बोलू नये ते बोलले. मग झोप लागेना. म्हणून पहिल्या तोडणीची वांगी टोपलीत भरून तिच्या नव्या घरी पाठवली. तिनं टोपली परत केली. रिकामी."

माझं डोकं तापलं. मागचापुढचा विचार न करता मी फोनला बोलले आणि त्यानं इमानदारीनं लिहून घेतलं, "भांडण असो नाहीतर काही असो, टोपली रिकामी पाठवणारीच्या दारात उभं राहू नये. तुमच्या जावेला माणुसकी नाही, ताई."

पाठवून दिलं. तोवर तिचं पुढचं वाक्य आलं.

"नुसती रिकामी नाही. धुऊन, वाळवून रिकामी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी त्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या पाहिलं. टोपली मीच धुतली होती. नव्या घराच्या गच्चीवर उन्हात वाळवली होती. विसरून रिकामी गेली असं कोणाला वाटू नये, मुद्दाम पाठवली हे दिसावं, म्हणून. वांगी दुकानात विकून टाकली होती. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, एक धुणारी आणि एक उघडून पाहणारी.

आणि मिरच्या! आमच्या सासूबाई दोघी सुनांना सांगायच्या, "घरात काई नसन तं दोन मिरच्या टाकजो. पन टोपली रिकामी धाडू नोको." दोन वर्षं दोन-दोन मिरच्या माझ्या डोळ्यांसमोर येत होत्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात मी भारी हुशार.

मला लाज वाटली. अशी लाज की शटर पूर्ण खाली ओढावंसं वाटलं. मी जिला दगड म्हटलं होतं तिनं माझ्या पिकाला पाणी दिलं होतं. आणि माणुसकी नाही असं जिच्याबद्दल मी आत्ताच लिहून पाठवलं होतं, ती मीच होते.

त्यानंतर मी तिला धड काही लिहू शकले नाही. मी ओळखलं हे तिला कळलं आहे की नाही, हेही मला कळेना. मी खेळ उघडायची, तिच्या शेतात पाणी टाकायची, टोपली पाठवायची, मिरच्या यायच्या. तेवढंच. रोज ठरवायची की आज सांगते आणि रोज जीभ उचलायची नाही. तोंडानं मी साऱ्या बोरगावाला पुरून उरते, पण 'चुकलं' एवढं म्हणायला मला जमत नव्हतं.

आणि मग खेळात सूचना आली. या महिन्याच्या शेवटच्या दिवशी हा खेळ कायमचा बंद होत आहे, तुमच्या सोबतीबद्दल आभार.

शेजारच्या खेळाडूंत रडारड झाली. सगळे एकमेकांचे नंबर मागायला लागले. मला सहा-सात जणांनी नंबर मागितला. म्हशीवालीनं मागितला नाही. रोज वाट पाहिली, पण नाहीच. मला फार लागलं ते. एकदा वाटलं, जाऊ दे ना, ती राहते कुठं हे तर मला माहीतच आहे. पण तळेगावला राहत होती ती माझी जाऊ. तिच्याशी माझं बोलणं नव्हतं. बोलणं होतं ते म्हशीवालीशी, आणि ती महिनाअखेर जाणार होती. खेळ एकदा बंद झाला की पुन्हा लग्नात वेगळ्या पंगती, पुन्हा टेम्पोतून उतरलेली आणि घरात न शिजलेली वांगी. मला ते नको होतं. मला माझी शेजारीण पाहिजे होती.

शेवटच्या दिवशी दुपारी मी सगळं शेत कापलं. वांगी, टमाटर, कापूस, होतं नव्हतं ते तिच्या टोपलीत भरलं आणि पाठवलं. थोड्या वेळानं टोपली परत आली. दोन मिरच्या. मी कितीतरी वेळ त्या पाहत बसले. संध्याकाळी उघडायला गेले तर शेत नव्हतं, नुसता पांढरा पडदा आणि धन्यवाद. कंपनीवर माझा राग नाही. कोणी फुकटात दोन वर्षं शेजार देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले. तेलाच्या रिकाम्या डब्यात मी मिरचीचं झाड लावलेलं आहे. त्याच्या दोन मिरच्या तोडल्या. दुकानातली एक लहान टोपली घेतली, मिरच्या ठेवल्या, वरून फडकं टाकलं.

नवरा पाहत होता. "भाजीच्या दुकानातून दोन मिरच्या घेऊन कुठं चालली वं?"

"तळेगावले."

त्यानं हातातली जुडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "थोडा भाजीपाला ने न सोबत. बरं दिसन."

"दोनच नेतो," मी म्हटलं.

"भाऊले फोन करून ठेवू काय?"

"काई नोको."

आर्वीवरून जाणारी एसटी पकडली. टोपली मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे हो त्याच्यात. मी म्हटलं, वानोळा. सगळ्या रस्त्यानं मी एक वाक्य पाठ करत होते, बाई, मी चुकली, बाई, मी चुकली. मोठ्या जावेला मी पहिल्यापासून बाईच म्हणत आले होते. अकरा वर्षांत तो शब्द तोंडाला नवा झाला होता.

ती घरासमोरच्या सावलीत बसून वांगी निवडत होती. केस पांढरे झाले होते. बाजूला पोत्यावर फोन पालथा पडला होता. मला पाहून ती उठली नाही, हातही थांबला नाही. पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. मी नुसती वाकले आणि टोपली तिच्यासमोर ठेवली.

तिनं पदराला हात पुसले. फडकं बाजूला केलं. मिरच्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"गेममधी तं दोन मिनटात येते मिरची," ती म्हणाली. "तुले अकरा वर्ष लागले वं."

मी तिथंच मातीत बसले आणि लहान पोरीसारखी रडले. ती काही समजूत घालायला आली नाही. तिचेही डोळे भरले होते, पण ती तशीच, माझी जाऊच ती. थोड्या वेळानं तिनं वांग्यांचा ढीग माझ्याकडं अर्धा सरकवला.

"पोखरेल येगळे काढजो," ती म्हणाली.